सव्वीस थंड रात्री

१८ जानेवारी

ठकू,

आज सकाळी इथे लेकीकडे जावईबापूंनी वर्तमानपत्र माझ्यासमोर टाकलं आणि म्हणाले, "अण्णा, तुमच्या बागेची बातमी आलीय." मी चष्मा लावला, वाचलं आणि चहा तसाच टाकून उठलो. तळपायाची आग मस्तकात गेलीय. अक्षर वेडंवाकडं आलंय ते त्यामुळे, समजून घे.

तू तिथेच नोकरीला आहेस, तेव्हा बातमी तुला नवी नसणार. "वनस्पती उद्यानाच्या काचघरात एकशे चाळीस ऑर्किड एकाच वेळी फुलली. संचालकांचा अभिनव प्रयोग. रात्रीचं तापमान दहा अंशांनी उतरवून हट्टी झाडांना आणलं फुलावर." खाली साहेबांचा फोटो. कुंडी अशी धरलीय, जणू नातवाला पहिल्यांदा मांडीवर घेतलंय.

अगं, तापमान उतरवलं कुणी? ह्या माणसाने? ज्याला बॉयलरच्या खोलीचं दार आत उघडतं की बाहेर हे अजून ठाऊक नाही, त्याने? ऑक्टोबरात ह्याच माणसाने मला टेबलासमोर उभं केलं होतं आणि विचारलं होतं, "एवढी मोलाची झाडं गारठवून मारायची होती का तुम्हाला?" एकतीस वर्षं त्या काचघराला मी ऊब पुरवली. एकतीस वर्षांनी माझ्या सेवापुस्तकात एकच शब्द लिहून मला घरी बसवलं. निष्काळजीपणा! आणि तीन महिन्यांनी त्या निष्काळजीपणाला फुलं लागली, तर तो झाला ह्यांचा अभिनव प्रयोग.

झडप अडकली होती आणि त्यामुळे रात्री गरम पाणी नळांत जात नव्हतं, हे मी चौकशीत दहा वेळा सांगितलं. कुणी ऐकलं?

तुला एक काम सांगतो. काचघराच्या दाराशी तापमान नोंदवणारं यंत्र आहे, गोल कागदावर रेघ काढणारं. आठवड्याला एक कागद. वीस सप्टेंबरपासूनचे चार कागद मला हवेत. झाडांच्या नोंदी तूच ठेवतेस, तुला ते मिळायला अडचण नसावी. ते कागद मी विश्वस्तांकडे पाठवणार आहे.

आणि साहेबांकडे माझी चुगली कुणी केली तेही मला ठाऊक आहे. माळीबुवांनी. बावीस वर्षं एका बाकावर बसून डबा खाल्ला आम्ही. त्यांनाही एक पत्र टाकतोय. त्यात साखर नसेल.

मामा


२७ जानेवारी

मामा,

तुमचं पत्र मिळालं. तब्येत कशी आहे? ताई फोनवर म्हणाली की तुम्ही दोन दिवस नीट जेवला नाहीत. कृपा करून रक्तदाबाची गोळी चुकवू नका.

तुम्ही मागितलेले कागद साहेबांच्या कपाटात आहेत, आणि किल्ली त्यांच्याकडेच असते. मला ते मिळतील असं दिसत नाही.

फुलं खरंच फार आलीत. आठवडाभर दाराशी रांग असते. पांढरी आधी उमलली, मागून जांभळी. तीस-तीस वर्षांच्या झाडांना आयुष्यात पहिल्यांदा दांडा आलाय. एका दांड्यावर नऊ-नऊ, दहा-दहा फुलं. बघणारी माणसं आपोआप हळू आवाजात बोलायला लागतात.

माळीबुवांविषयी मनात काही आणू नका. त्यांनी सांगितलं असेल असं मला वाटत नाही. त्यांना पत्र पाठवलं नसेल तर पाठवू नका.

मामा, झालं ते झालं. ताईकडे ऊन चांगलं येतं, बाग आहे, नातवंडं आहेत. साहेबांसारखी माणसं बदलत नाहीत. त्यांच्यापायी तुम्ही स्वतःचं रक्त का आटवता?

ठकू


२ फेब्रुवारी

ठकू,

पत्र लिहितेस की वाटी भरून लोणी पाठवतेस? "झालं ते झालं" म्हणे! ज्याचं झालं नाही त्याला हे म्हणायला काय जातं?

माळीबुवांना पत्र गेलं. उत्तर आलेलं नाही. काय उत्तर देणार?

आता ऐक. ही गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही, तुझ्या ताईलासुद्धा नाही.

झडप अडकली नव्हती. मी बंद केली होती.

काचघराच्या उत्तरेच्या कोपऱ्यात वर एक काच तडकलेली आहे, तुला माहीत असेल. सहा वर्षं दुरुस्तीचे अर्ज करतोय. आपल्या डोंगरावर सप्टेंबरातच रात्री गार होतात, आणि तिथून गार हवा खाली उतरते. त्या काचेखाली नऊ कुंड्या होत्या. पूर्ण काचघरात दरवर्षी फुलायच्या त्या नऊच. बाकीची झाडं पानांनी तट्ट, हिरवीगार, पण फुलाचं नाव नाही. साहेब पाहुण्यांना सांगायचे, "ही नऊ जातिवंत आहेत."

मी बॉयलरवाला माणूस. मला जात कळत नाही, तापमान कळतं. मला वाटलं, ह्या नवांना जे मिळतंय ते बाकीच्यांना मिळत नाहीये, आणि ते म्हणजे रात्रीचा गारवा. साहेबांचा हुकूम होता की दिवसा अठ्ठावीस तर रात्रीही अठ्ठावीस. मग मी काय केलं, कोपऱ्यातल्या तीन कुंड्या उचलून मधल्या रांगेत ठेवल्या आणि मधल्या तीन कोपऱ्यात. पुढच्या थंडीत कोपऱ्यात आलेल्या तिन्ही फुलल्या. मधे गेलेल्या तिघी ढिम्म. जातिवंतपणा कुठे गेला? पुढच्या वर्षी परत अदलाबदल केली, परत तसंच. (पाट्या चुकीच्या कुंड्यांवर आहेत म्हणून तू तेव्हा माळीबुवांवर केवढी उखडली होतीस! बिचारे गप्प राहिले. त्यांना ठाऊकही नव्हतं.)

मी साहेबांकडे तीनदा गेलो. पहिल्यांदा त्यांनी ऐकून घेतलं. दुसऱ्यांदा घड्याळ बघितलं. तिसऱ्यांदा हसले आणि म्हणाले, "तुम्ही बॉयलर बघा हो. वनस्पतिशास्त्र आम्हाला राहू द्या." टेबलाशी दोन कारकून होते, तेही हसले. त्या हसण्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

मला निवृत्तीला एक थंडी उरली होती. मी ठरवलं. वीस सप्टेंबरपासून रोज संध्याकाळी घरी निघताना झडप बंद करायची आणि सकाळी सर्वांच्या आधी येऊन उघडायची. रात्री पारा अठरापर्यंत यायचा, कधी सतरा. दिवसा मी तो हळूहळू चोविसावर नेऊन ठेवत असे. सव्वीस रात्री मी हे केलं. आणखी एक आठवडा पुरला असता. सोळा ऑक्टोबरला बिंग फुटलं आणि चौकशीत माझी जीभ अडखळली. "झडप अडकली," असं तोंडातून निघून गेलं. भ्यालो, दुसरं काय. एकदा खोटं बोललो आणि मग तेच रेटत राहिलो.

आता सांग, हा निष्काळजीपणा आहे? आयुष्यात एवढ्या काळजीने मी काही केलं नाही. मला नोकरी परत नको. फोटो नको. तो एक शब्द खोडून हवाय. त्यासाठी ते कागद हवेत, आणि तू माझ्या बाजूने उभी राहायला हवीस. तुझ्या आईच्या माघारी तुझं बोट धरून त्या बागेत मीच तुला नेलं होतं. एवढं मागायचा हक्क मला आहे असं मी समजतो.

मामा


१९ फेब्रुवारी

मामा,

सतरा दिवस लागले मला हे लिहायला. चार वेळा लिहून फाडलं. आता जे आहे ते लिहिते.

ते कागद साहेबांकडे मीच नेले.

सोळा ऑक्टोबरला सकाळी मी यंत्राचा कागद बदलायला गेले. एरवी मी तो न बघताच फायलीत लावते, त्या दिवशी पाहिलं तर रेघ रोज रात्री दरीत उतरल्यासारखी खाली जात होती. मागचे तीन काढून पाहिले. तेच. बाजूच्या फळीवर लहान रोपं होती, त्यातली अकरा कुजली होती, पानं पिवळी, देठाशी काळी. मामा, ती रोपं मी चार वर्षं वाढवली होती. मला वाटलं, तुम्ही विसरता आहात. त्याच महिन्यात तुम्ही दोनदा किल्ल्या विसरला होतात, एकदा माझ्या वाढदिवसाचं जेवण विसरला होतात. मला वाटलं, मामा थकले, संध्याकाळी झडप बंद करून बसतात आणि त्यांना कळतही नाही. मी कागद घेतले आणि थेट साहेबांच्या खोलीत गेले. माळीबुवा तिथे हजेरी द्यायला आले होते. त्यांनी सगळं पाहिलं.

तुम्हाला आधी विचारायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. विचारायचं धैर्य झालं नाही. तुम्ही थकलात हे तुमच्या तोंडावर कसं म्हणायचं?

चौकशीत अकरा रोपांचा अहवाल मागितला तेव्हा मी तो लिहिला. खाली सही माझी आहे. तो शब्द मी लिहिलेला नाही, पण तो माझ्या अहवालावरच उभा आहे. आणि आणखी एक ऐका, आता राहिलंच काय: साहेबांनी त्यांच्या संस्थेच्या नियतकालिकात जो लेख छापलाय, त्याचा कच्चा मसुदा माझा आहे. आलेखही मीच काढला. डिसेंबरात दांडे दिसायला लागले तेव्हा त्यांनी मला बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "हे आपण योजून केलं होतं असं मांडा." मी मांडलं.

माळीबुवांना तुमचं पत्र मिळालं. त्यांनी ते बाकावर बसून वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. मी म्हटलं, "बुवा, मी मामांना खरं लिहिते." ते म्हणाले, "तुझं तू बघ. मी काही बोलणार नाही." चार महिने त्यांनी माझं नाव सांगितलं नाही, वर तुमच्या शिव्या माझ्यासाठी झेलल्या. तुमचं पत्र आल्यापासून ते डबा झाडीमागे जाऊन खातात. मी दिसले की उठतात.

एवढं कबूल केल्यावर मला रागवायचा हक्क उरत नाही, असं तुम्ही म्हणाल. पण मला राग आलाय, आणि तो मी लिहिणार आहे. दोन वर्षं तुम्ही कुंड्या हलवत होतात आणि पाट्या लिहिणाऱ्या भाचीला एक शब्द नाही? तुम्ही सांगितलं असतं तर रोपं मी आधी हलवली असती, अकरा जीव वाचले असते. रोजच्या रोज नोंद ठेवली असती, तुमच्या नावाने. साहेब हसले म्हणून चिडलात, आणि तुम्ही स्वतः? "ठकूला काय कळतंय, पाट्या लिहू दे तिला," हेच ना मनात होतं? वर चौकशीत खोटं बोललात. झडप अडकली म्हटल्यावर मी तुमच्या बाजूने काय सांगणार होते? तुम्हीच त्याचा निष्काळजीपणा करून टाकलात.

ठकू


२४ फेब्रुवारी

पत्र पोचलं. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण लेक म्हणाली एवढं तरी लिहा.

माळीबुवांची माफी मागणारं पत्र आजच टाकलंय. बाकी कुणाला काही लिहावंसं वाटत नाही.

किल्ल्या विसरणाऱ्या म्हाताऱ्याच्या डोक्यात ह्यापुढे आणखी काही भरू नकोस. कागदही पाठवू नकोस. राहू दे.


२१ मार्च

मामा,

तुम्ही लिहू नका म्हणालात, तरी लिहिते. हे तुम्हाला माझ्याकडून कळायला हवं.

बारा मार्चला बागेच्या सभागृहात साहेबांचं व्याख्यान होतं. पहिल्या रांगेत विश्वस्त, मागे माणसंच माणसं. पडद्यावर चित्रं सरकवायला मी होते. शेवटी विश्वस्तांपैकी त्या निवृत्त डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "पण ही कल्पना तुम्हाला सुचली कशी?" साहेब म्हणाले, "अनेक वर्षांचं निरीक्षण. सप्टेंबरात मी बॉयलर विभागाला तशा सूचना दिल्या."

मामा, मी काही ठरवून गेले नव्हते. पण 'सूचना दिल्या' हे ऐकलं आणि मी आपोआप उभी राहिले.

मी म्हटलं, "साहेब, सूचना दिल्या होत्या, तर सोळा ऑक्टोबरला मी तापमानाचे कागद घेऊन तुमच्या खोलीत आले तेव्हा तुम्ही खुर्चीतून उठून 'आत्ताच्या आत्ता गरम करा' असं का ओरडलात?"

ते म्हणाले, "बाई, आपण हे नंतर बोलू."

मी म्हटलं, "लेखातला आलेख वीस सप्टेंबरला सुरू होतो, पंधरा ऑक्टोबरला संपतो. बडतर्फीच्या आदेशात तुमच्याच सहीने लिहिलंय की तापमान उतरल्याचं सोळा ऑक्टोबरला प्रथम निदर्शनास आलं. मग प्रयोग सुरू झाला तेव्हा तुम्हाला तो ठाऊक होता का?"

साहेबांनी पाण्याचा पेला उचलला आणि न पिता खाली ठेवला. तेवढ्यात मागच्या दाराशी माळीबुवा उभे राहिले, अंगात मातीने माखलेला सदरा, डोक्यावरची टोपी हातात. सभेत कधी तोंड न उघडणारा माणूस म्हणाला, "मी होतो खोलीत. ओरडले होते साहेब. धावत जाऊन झडप पूर्ण उघडणारा मीच."

डॉक्टरीणबाईंनी तिथेच लेख आणि बडतर्फीचा आदेश हे दोन्ही कागद मागवून घेतले.

दुसऱ्या दिवशी विश्वस्तांनी मला बोलावलं. त्यांनी विचारलं, "मग झडप खरंच अडकली होती का?" इथे मला खोटं बोलता आलं असतं. मी तुमचं दोन फेब्रुवारीचं पत्र पर्समधून काढलं आणि त्यांच्यासमोर ठेवलं. तुम्हाला विचारलं नाही. दुसऱ्यांदा न विचारता तुमचा कागद वर नेला मी. पण ह्या वेळी घाबरून नाही. त्या पत्रात कुंड्यांच्या अदलाबदलीचं जे लिहिलंय ते वाचल्यावाचून कुणालाही कळलं नसतं की तुम्ही काय केलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि शेजारच्यांना म्हणाल्या, "ह्याला म्हणतात प्रयोग."

नवा आदेश सोबत पाठवतेय. बडतर्फी रद्द, तुम्ही रीतसर निवृत्त. 'निष्काळजीपणा' हा शब्द खोडलाय. पण त्याच्या जागी काय लिहिलंय ते वाचा: "वरिष्ठांच्या परवानगीविना, जाणूनबुजून तापमान उतरवले. त्यात अकरा रोपे दगावली. चौकशीत असत्य सांगितले. ताकीद." मी खूप भांडले. शेवटची दोन वाक्यं काढायला ते तयार झाले नाहीत.

लेख मागे घेतलाय. साहेब मात्र खुर्चीत आहेत. माझी बदली बियाणं विभागात झाली. तळघरात एक खिडकी, बाकी कपाटं. रागवा, पण आदेश वाचा.

ठकू


९ एप्रिल

ठकू,

आदेश वाचला. पहिले दोन दिवस भयंकर चिडलो. माझं पत्र, मी तुला लिहिलेलं, ते परक्या लोकांच्या टेबलावर! ताईसमोर तुला नाही नाही ते बोललो. तिसऱ्या दिवशी परत वाचला. मग कळलं की त्यात एकही अक्षर खोटं नाही. परवानगी घेतली नव्हती. जाणूनबुजून केलं. रोपं दगावली. खोटं बोललो. मी साठी ओलांडलेला माणूस, आणि माझ्याविषयी कुणी इतकं खरं पहिल्यांदाच लिहिलंय. तो कागद घेऊन मी कुठेही उभा राहू शकतो.

अकरा रोपांचं मात्र तू म्हणतेस तेच खरं. त्या फळीकडे मी बघितलंच नाही. मोठ्यांच्या नादात लहानांचा विचार केला नाही. आणि तुला सांगितलं नाही, कारण तुला कळणार नाही असं नव्हतं. चुकलं तर तुझ्यासमोर हसं होईल, ही भीती होती. साहेबांचं हसणं मी पचवलं असतं, तुझं नसतं पचलं.

काल मी तिकडे येऊन गेलो. तुला कळवलं नाही.

आधी माळीबुवांच्या घरी गेलो. त्यांनी दार उघडलं आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. मीही उभा. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, त्यातलं एक वाक्य आठवेना. शेवटी तेच म्हणाले, "आत ये आणि दार लाव. तुला सवय आहे गारव्याची, मला नाही." मग आम्ही दोघं असे हसलो की त्यांची बायको आतून बघायला आली.

दुपारी दोघं तिकीट काढून काचघरात गेलो. मी ती फुलं पाहिलेलीच नव्हती. दांडे यायच्या आधीच मला घरी बसवलं होतं ना! निम्मी गळून गेलीत, पण मधल्या रांगेतली अजून आहेत. एकतीस वर्षं ज्या झाडांची नुसती पानं बघितली, त्यांचे चेहरे पहिल्यांदा दिसले. माझ्या शेजारी एक बाई मुलीला सांगत होती, "ह्यांना म्हणे रात्रीची थंडी लागते." मुलगी म्हणाली, "मग आधी का नाही दिली?" मला उत्तर देता आलं असतं. मी पुढच्या कुंडीकडे सरकलो.

परतताना तळघराच्या खिडकीपाशी थांबलो. तू मान खाली घालून पाकिटांवर नावं लिहीत होतीस. हाक मारणार होतो. पण खिडकीतून वाकून बोलण्यासारखं ते नव्हतं.

तुझ्यावरचा राग पूर्ण गेला असं लिहिलं तर ते परत खोटं होईल. थोडा आहे. तुझाही असेल. पत्रातून तो संपणार नाही, समोरासमोर बसून भांडायला हवं. रविवारी सकाळच्या गाडीने ये. ताईला सांगितलंय, दोन दिवस राहायच्या तयारीनेच ये.

आणि हो, नवा बॉयलरवाला भेटला. सरळ माणूस आहे. मला बाजूला घेऊन म्हणाला, "सप्टेंबरात मी काय करू ते नीट सांगा." मी म्हटलं, "रात्री सतरा-अठरा, दिवसा चोवीस, पाच आठवडे. पण झडपेला हात लावायच्या आधी तळघरात माझी भाची बसते, तिला विचारून ये."

मामा